उपाशीपोटी आणावे

एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मी म्हणाले, "हा पांढरा ठिपका दिसतोय? हरभऱ्याएवढा? हा मुतखडा."

रेवणप्पांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. फिल्म बघायच्या आधी त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मुतखडा? हिला?"

"का, माणसांनाच होतो की काय?"

टेबलावरच्या टोपलीत दोन गिनी पिग एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. ज्यांनी हा प्राणी बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. नावात पिग असलं तरी डुकराशी याचा काही संबंध नाही. हा उंदराच्या गोतातला, पण शेपूट नाही, वीतभर लांब आणि सशापेक्षा घाबरट. दिवसभर गवत चघळत बसतो. भ्याला की जागच्या जागी थिजतो आणि खायला मिळणार म्हटलं की 'व्हीक व्हीक' करून घर डोक्यावर घेतो. या दोघी पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या. एकीच्या डोक्यावर पिवळा डाग, दुसरीच्या पाठीवर.

ते डाग जन्माचे नव्हते. रेवणप्पा एका कॉलेजच्या ॲनिमल हाऊसमध्ये अटेंडंट होते. प्रयोगासाठी उंदीर, ससे, गिनी पिग जिथं ठेवतात त्याला ॲनिमल हाऊस म्हणतात. पिंजरे धुवायचे, खाणंपाणी टाकायचं आणि पिवळ्या औषधात काडी बुडवून एकेकाला खूण करायची, म्हणजे कुठला कोण ते साहेबांना कळतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच केलं. ते रिटायर झाले त्याच सुमारास कॉलेजनं ॲनिमल हाऊस बंद केलं. धडधाकट जनावरं दुसरीकडं गेली. या दोघी मागं उरल्या, कारण दोघींना दुखणं. एकीचे मागचे तळपाय जन्मभर जाळीवर उभं राहून सोललेले. दुसरी लघवी करताना किंचाळायची. यांना सुई देऊन संपवायचं हे कॉलेजमध्ये तोंडी ठरलंच होतं. रेवणप्पांनी अर्ज लिहिला, चार दिवस दारात उभं राहून त्यावर सही घेतली आणि दोघींना सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात आणलं.

त्यांच्या घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतं. बायकोनं, महानंदाबाईंनी, डोक्यावर पिवळा डाग असलेलीचं नाव ठेवलं अरिशिणी. अरिशिण म्हणजे हळद. दुसरी अंगानं बारकी म्हणून चिक्की. खड्याची पेशंट ती अरिशिणी.

"कशापायी घेतलंत हे लोढणं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मला असं फटकन विचारायची खोड आहे.

"मेलेली लई उचलली मॅडम ह्या हातानं," रेवणप्पा म्हणाले. "ह्या दोन तरी म्हातारपनानं मराव्या, यवढंच हाय."

आता एक्स-रे बघून मी पुढचा प्रश्न विचारला. "खायला काय घालता?"

"घास." त्यांचा चेहरा उजळला. "लसूणघास. सकाळ सकाळ मंडईतनं हिरवागार बघून आनतो. दोघी तुटून पडत्यात की."

झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. लसूणघासात कॅल्शियम भरपूर. दुभत्या म्हशीला ते लागतं. पण गिनी पिगच्या शरीरात जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं, मूत्राशयात साचतं आणि त्याचा खडा होतो. "अहो, हिला काय दूध काढायचंय का तुम्हाला?" मी सगळ्या वेटिंगमधल्या लोकांना ऐकू जाईल असं बोलले. "लाडानं दगड खायला घातलात तिला! अठ्ठावीस वर्षं काय बघितलंत तिथं?"

रेवणप्पांनी मान खाली घातली. "चुकलं मॅडम. तितं पेलेट असायची, कांड्यांचं खाद्य. हिरवं मीच घालाया लागलो."

 महानंदाबाईंनी टोपलीवरचं ओलं फडकं सारखं केलं.

इथं मला माझ्याबद्दलही सांगितलं पाहिजे. मी गुरांची डॉक्टर. माहेर सांगोल्याकडचं, मेंढरांच्या घरातलं. नोकरीची बहुतेक वर्षं मोहोळ तालुक्यात गेली. अडलेली गाय सोडवायची, म्हशीचं अंग बाहेर आलेलं आत बसवायचं, शेळ्यांना लस टोचायची. हातात असं अंगमेहनतीचं काम असलं की मी खूश असते. रिटायर झाल्यावर शुक्रवार पेठेत दवाखाना काढला, तर कुत्री, मांजरं, पोपट, कासव असली मंडळी यायला लागली. गिनी पिग मी तोवर चारपाच बघितले असतील. ऑपरेशन एकाचंही केलं नव्हतं.

म्हणून मी सरळ सांगितलं, "पुण्याला घेऊन जा. तिथं असल्या प्राण्यांचे खास डॉक्टर आहेत."

"एप्रिलात? यष्टीनं?" रेवणप्पा म्हणाले. ते बरोबर बोलत होते. या प्राण्याला ऊन सोसत नाही. सोलापुरात आम्ही माणसं कशीबशी तगतो, तिथं ही वीतभर जात पाच तास तापलेल्या गाडीत टिकली नसती. "तुमीच करा मॅडम. मोहोळच्या बाजूला सगळी म्हनत्यात, तुमच्या हाताला यश हाय."

असं कुणी म्हटलं की मी विरघळते. पुण्याला नका नेऊ, मी करते, असं मी म्हणून बसले.

पुण्यातल्या डॉ. निखिलला फोन लावला. हा पोरगा कधीकाळी मोहोळला माझ्या हाताखाली इंटर्नशिपला होता. आता असल्या छोट्या प्राण्यांचीच प्रॅक्टिस करतो. त्यानं भुलीच्या औषधांचे डोस सांगितले, अंग गार पडू देऊ नका म्हणाला, आणि बजावलं, "मॅडम, पेनिसिलीन चुकूनसुद्धा नको. गुरांना देता तसं दिलंत तर मरेल." हे मला माहीत नव्हतं. मी ते लाल पेननं लिहून घेतलं.

"अजून काही सांगू का?" त्यानं विचारलं.

"नको रे. तुझ्या जन्माआधीपासून टाके घालतेय मी."

तो हसला. मीही हसले. त्या एका वाक्यासाठी मी आजवर स्वतःला किती शिव्या घातल्या असतील.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ठरलं. नसीमभाईंनी केसपेपरवर शिक्का मारला. नसीमभाई मोहोळच्या दवाखान्यातले ड्रेसर. रिटायर झाल्यावर माझ्यासोबतच इथं आले. शिक्का आम्ही पहिल्या वर्षीच करून घेतला होता, दर वेळी तेच तेच लिहायचा कंटाळा म्हणून. 'ऑपरेशनसाठी उपाशीपोटी आणावे. रात्री दहानंतर अन्न-पाणी बंद.' कुत्र्याचं पोट भरलेलं असलं तर भुलीत उलटी होते, ती श्वासनळीत जाते आणि जनावर टेबलावर जातं. गाय असली तर पोट फुगून छातीवर दाब येतो. म्हणून उपाशी. चारपायाचं जे टेबलावर येणार ते उपाशी येणार, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं.

रेवणप्पांनी केसपेपर घेतला, दारापर्यंत गेले आणि परत वळले. "मॅडम, रातभर कायच न्हाय? पानीबी?"

मी पुढच्या कुत्र्याला थर्मामीटर लावत होते. "लिहिलंय ना त्यावर?"

"व्हय. लिवलंय."

"मग?"

ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मोहोळहून फोन आला. ओळखीतलं घर, गाय अडलेली, वासराचं डोकं मागं वळलेलं, तिथले डॉक्टर रजेवर. मी गाडी काढली. ते वासरू बाहेर काढायला मला दुपार झाली. गाय वाचली, वासरूही वाचलं. घरातल्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी पिठलं-भाकरी खाल्ली, हे मुद्दाम लिहितेय. मी जेवले.

दवाखान्यात पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. रेवणप्पा आणि महानंदाबाई पावणेदहापासून बाकावर बसलेले. नसीमभाईंनी त्यांना सांगितलं होतं, मॅडम येतायत, थांबा. ते थांबले. मी पायरी चढत होते, तेवढ्यात बाकावरच्या एका बाईंनी बिस्किटाचा पुडा काढला. पुड्याचा कागद चुरचुरला आणि टोपलीतून अरिशिणीनं असा काही आवाज लावला की सगळे दचकले. व्हीक, व्हीक, व्हीक. लोक हसायला लागले. "हिला पण पाहिजे की बिस्कीट," कुणीतरी म्हणालं.

मीही हसले. "वा! आवाज तर खणखणीत आहे. तब्येत चांगली दिसतेय."

महानंदाबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या त्या बघण्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

ऑपरेशन उत्तम झालं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मूत्राशय म्हणजे अंगठ्याएवढी पिशवी. ती उघडली, खडा काढला, आत धुतलं, बारीक दोऱ्यानं शिवली. नसीमभाई गरम पाण्याच्या बाटल्या बदलत होते. चाळीस मिनिटांत सगळं उरकलं. तासाभरात अरिशिणी डोकं वर करून बसली. खडा मी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घालून रेवणप्पांच्या हातात दिला. त्यांचे डोळे भरून आले. ते माझ्या पाया पडायला वाकले, तेव्हा मी मागं सरले. पण आतून फुगले होते, खोटं कशाला बोलू?

"आता खाऊ दे पोटभर," मी म्हणाले. "घास सोडून."

संध्याकाळी फोन केला. महानंदाबाईंनी उचलला आणि कन्नडमध्येच बोलल्या. "ऊटा माडिल्ला." मला तेवढं कन्नड येतं. जेवली नाही.

"भुलीचा अंमल असेल," मी म्हणाले. "सकाळी खाईल."

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी दोघं दारात. अरिशिणी टोपलीच्या कोपऱ्यात पाठ वर काढून बसलेली. पोटाला हात लावला तर टणक. टोपलीत रात्रभरात एक लेंडी नाही. स्टेथोस्कोप लावला. आतड्याचा आवाजच येत नव्हता. चरणाऱ्या जनावराच्या पोटात सतत गुडगुड चालू असते. ती थांबली म्हणजे पोट थांबलं.

निखिलला फोन लावला. सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे विचारलं, "ऑपरेशनच्या आधी किती वेळ खाल्लं नव्हतं?"

मी हिशेब केला. रात्री दहा ते दुपारी साडेतीन. "साडेसतरा तास."

 तो म्हणाला, "मॅडम, गिनी पिगला उपाशी ठेवत नाहीत. या प्राण्याला उलटीच होत नाही. वरून सतत काहीतरी पडत राहिलं तरच त्याचं पोट चालतं. मला वाटलं, हे तुम्हाला..." 

गाईचं पोट बंद पडलं तर काय होतं हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. तेच या वीतभर जनावरालाही लागू असेल, हा साधा विचार माझ्या डोक्याला शिवला नव्हता. पेनिसिलीनची चूक मी टाळली म्हणून स्वतःवर खूश होते. आणि रोजचीच गोष्ट, हजार वेळा केलेली, ती तपासायची असते हे सुचलंच नाही.

त्या दिवशी मी बाकीचे पेशंट नसीमभाईंवर सोपवले. पेलेट पाण्यात भिजवून, त्याची पातळ पेज करून सिरिंजनं थोडी थोडी तोंडात सोडायची. गॅसचं औषध, दुखण्याचं औषध, सलाईन चामडीखाली. रेवणप्पांना सिरिंज कशी धरायची ते सांगावं लागलं नाही. त्यांनी डाव्या हातात तिला धरलं, करंगळीनं हनुवटी वर केली आणि बाजूच्या दातांच्या फटीतून थेंब थेंब सोडायला लागले. माझ्यापेक्षा किती तरी सफाईदार. मी बघत राहिले.

दुपारी वेटिंगमध्ये कुणी नव्हतं. सांगायचंच होतं, म्हणून मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. नवरा-बायको दोघं होते.

"रेवणप्पा, चूक माझी झाली. हिला उपाशी ठेवायचं नव्हतं. त्यामुळं पोट बंद पडलंय. खड्यानं नाही, ऑपरेशननं नाही, उपाशी राहिल्यानं."

मला वाटलं, ते ओरडतील. ओरडायला पाहिजे होतं. त्यांनी सिरिंज खाली ठेवली आणि म्हणाले, "ठाऊक हाय, मॅडम."

"काय ठाऊक आहे?"

"ह्यास्नी उपाशी ठेवत न्हाईत. तितं उंदरांच्या पिंजऱ्याला कार्ड लावायचे, आज उपाशी. एकदा एका साहेबानं ह्यांच्या पिंजऱ्यालाबी तसलंच कार्ड लावलं. दुसऱ्या दिवशी चार गेल्या."

"मग तुम्ही साहेबांना बोलला नाहीत?"

"बोललो की. तर साहेब म्हनले, तूच पानी घालायचं इसरला असशील. लिवून बी टाकलं तसंच."

माझा तोल गेला. ज्याच्यावर चिडायचा मला काडीचाही अधिकार नव्हता त्याच्यावर मी चिडले. "अहो, मग मला का नाही सांगितलंत? तोंडाला काय कुलूप लावलं होतं का? परवा दारात उभे राहिलात, पाणी विचारलंत, तेव्हाच म्हणायचं की, मॅडम हे चुकतंय! मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

रेवणप्पा माझ्याकडं न बघता बोलले. "आदुगर घासाचं माजं चुकलंच व्हतं. तुमी सगळ्यांम्होरं बोलला. मला वाटलं, हेबी माजंच चुकत आसंल. तुमी शिकलेल्या. त्यात छापून दिल्यालं."

 मला रडू फुटत होतं, पण रडायचाही अधिकार नव्हता.

तेवढ्यात महानंदाबाई बोलल्या. इतक्या दिवसांत त्यांचं मराठी मी पहिल्यांदा ऐकलं. "परवा रातच्याला ती लई वरडायली. मी कोथिंबिरीची काडी धरली जाळीतनं. ह्यांनी माज्या हातातनं काढून घेतली." मग नवऱ्याकडं वळून, अगदी हळू, "अठ्ठावीस वर्सं काढलं की तितं. मला म्हनायचं, मरंना का त्यो कागद, एक काडी दे."

रेवणप्पांनी अरिशिणीला उचलून मांडीवर घेतलं आणि पुन्हा सिरिंज भरली. मला त्या दोघांसमोर बसवेना. मी आत जाऊन हात धुतले, खूप वेळ धुतले.

अरिशिणी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. शेवटी पोटात गॅस इतका भरला की श्वास घेता येईना. मी फोन करून विचारलं होतं, वेदना थांबवायचं इंजेक्शन देऊ का, म्हणजे झोपेतच जाईल. रेवणप्पा हो म्हणाले होते, पण ते घेऊन येईपर्यंतच खेळ संपला. टाके एकदम सुरेख होते. एकही टाका सुटला नव्हता. ते बघून माझ्या अंगाचा संताप झाला.

मी नसीमभाईंना सांगितलं, तो शिक्का टाकून द्या.

"मॅडम, कुत्त्यांकू लगता ना वो?" ते म्हणाले.

"कुत्र्याच्या मालकाला मी तोंडानं सांगेन. टाका तो."

टाकला त्यांनी. त्यानं अरिशिणीला काय फरक पडणार होता?

मला वाटलं होतं, ही मंडळी आता माझ्या दारात उभी राहणार नाहीत. पण तीनेक आठवड्यांनी दोघं चिक्कीला घेऊन आले. सोबतीण गेल्यापासून ती एकटी. महानंदाबाई भाकरी थापायला बसल्या की तिला शेजारी घेऊन बसायच्या, म्हणजे आवाजाची सोबत. पण पायाची जखम हाताबाहेर गेली होती. एक्स-रे काढला. उजव्या पायाचं हाड कुजायला लागलं होतं.

या वेळी मी फिल्म खिडकीला लावली नाही. दोघांना आत बोलावून खुर्च्या दिल्या.

"दोन रस्ते आहेत," मी म्हणाले. "एक, पाय काढायचा. निखिल पुण्याहून येईल, तो करेल, मी नुसती मदत करेन. जमलं तर वर्षभर, कदाचित जास्त काढेल. दुसरा, ऑपरेशन नाही. रोज ड्रेसिंग, दुखण्याचं औषध, मऊ अंथरूण. थोडे महिने. मला विचाराल तर पहिला रस्ता. पण आज मी विचारतेय. तुम्ही सांगा."

"आमी काय सांगनार मॅडम," रेवणप्पा पुटपुटले.

"तुम्हीच सांगायचं. तुम्ही सांगितल्याशिवाय मी पेनला हात लावणार नाही."

 बाहेर एक कुत्रं भुंकत होतं, नसीमभाई त्याला दटावत होते. महानंदाबाई चिक्कीच्या कानामागं खाजवत होत्या. नवऱ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कोपरानं ढोसलं मात्र.

"नको," रेवणप्पा म्हणाले.  "कापायचं नको. तिला आता टेबलावर नको."

वैद्यकीय दृष्टीनं विचाराल तर मला ते पटलं नव्हतं. आजही नाही. निखिलच्या हातात ती वाचली असती असं मला वाटतं. जिभेच्या टोकावर आलं होतं, अहो ऐका, हे चुकतंय. पण त्या माणसानं आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कुणा शिकलेल्या माणसाला नको म्हटलं होतं, आणि तेही माझ्यासारखीच्या तोंडावर. मी केसपेपरवर लिहिलं, ऑपरेशन नाही. खाली लिहिलं, निर्णय घरच्यांचा. मग ते वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर आहे ना? ते म्हणाले, व्हय.

ड्रेसिंगला रेवणप्पा दर दोन दिवसांनी यायचे. आता बोलायला लागले होते. "ही पट्टी घट्ट हुतीय मॅडम." "ह्या औषधानं ती तोंड फिरवतीया, दुसरं बगा." एकदा तर मला म्हणाले, "तुमी जरा बाजूला व्हा, मी बांधतो." मी बाजूला झाले. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला हल्ली मी विचारते, तुम्ही घरी काय बघितलंत, तुम्हाला काय वाटतं? निम्मे लोक म्हणतात, आम्हाला काय कळतंय, डॉक्टर तुम्ही. मग मी परत विचारते. त्यानं एकेका पेशंटला दुप्पट वेळ लागतो, नसीमभाई कुरकुरतात, बाहेरचे लोक घड्याळ बघतात. लागू दे वेळ.

चिक्की चार महिने जगली. म्हातारपणानं मेली असं काही म्हणता येणार नाही. एका दुपारी फोन वाजला. महानंदाबाई होत्या. चिक्की गेली म्हणाल्या.

"त्रास झाला का?" मी विचारलं.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "खाऊन गेली."